नवरदेवाची शिंगं

“गुरुजी, ब्याऐंशी सालचा बांध हाय का तुमच्याकडं?”

सकाळी सात वाजता दारात उभं राहून कोणी असं विचारलं, तर पुण्याचा माणूस दार लावून घेईल. मी रांजणगावात जन्म काढलेला. मी शांतपणे विचारलं, “कुठल्या अंगाचा?”

“उगवतीचा. बाभळीखालचा. आमच्या ताईच्या साखरपुड्याला तुम्ही फोटू काढलं व्हतं, त्यात आला आसल बघा.”

दारात थोरल्या पातीचे दादा होते. आमच्या शेजारच्या मळ्यात थोरली पाती आणि धाकटी पाती गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दोघांच्या मधला बांध दरवर्षी वीतभर कुणीकडे तरी सरकतो. कुणीकडे, एवढाच वाद आहे. आता मोजणी लागली होती. हद्दीचा दगड मुळात कुठे होता हे सांगणारी म्हातारी माणसं एकेक करून गेली. उरलो मी आणि माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

दादांना बसवून चहा टाकायला सांगतोय तोच मोबाईल वाजला. धाकट्या पातीचे अण्णा. “दादा आलाय ना तिथं? फोटू दाखवा, पर हातात देऊ नका.”

चाळीस वर्षं फोटो काढतोय, पण माझ्या फोटोला इतका भाव कधी आला नव्हता. आमच्याकडे जमीन पूर्वी एकरात मोजत. एमआयडीसी आली आणि ती गुंठ्यात मोजायला लागले. आता चौरस फुटात मोजतात. माप जसजसं बारीक होत गेलं तसतशी भाऊबंदकी रुंद होत गेली, आणि शेवटी गाडी माझ्या डब्यापाशी येऊन थांबली.

जत्रेत हवशे, नवशे आणि गवशे अशी तीन प्रकारची माणसं येतात. फोटो काढणाऱ्यांतही तीच वाटणी आहे. मी हवशांतला. हौशी छायाचित्रकार म्हणजे ज्याच्याकडून फोटो फुकट मिळतो तो, अशी आमच्या पंचक्रोशीतली व्याख्या आहे. “गुरुजींना बोलवा, त्यांना हौस आहे,” असं म्हणत माझ्या हौशीच्या जिवावर लोकांनी चार-पाचशे कार्यं पार पाडली असतील.

कॅमेरा मुळात माझा नव्हेच, मामाचा. मामा परळला एका गिरणीत साचा खात्यात होता. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातला हा एक. दोन-तीन महिने तो खोलीवर थांबला, मग एक दिवस ट्रंक घेऊन बहिणीच्या दारात. ट्रंकेत कपडे, दाढीचा आरसा आणि चामड्याच्या पिशवीत एक अग्फा क्लिक थ्री. हा कॅमेरा तेव्हा बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनायचा आणि मध्यमवर्गाला परवडायचा. मामा मध्यमवर्गात बसत नव्हता, पण गिरणीचा बोनस बसत होता.

कॅमेऱ्याच्या पाठीला तांबडी काचेची खिडकी. तिच्यातून रिळाच्या कागदावरचा आकडा दिसे. तेव्हा तिथे ८ दिसत होता. एका रिळावर बारा चौकोनी फोटो. सात मुंबईत काढून झालेले, पाच शिल्लक. “संप मिटला की उरलेले तिकडंच काढू,” मामा म्हणाला. तो संप रीतसर मागे घेतल्याचं आजतागायत कोणी जाहीर केलेलं नाही. पावसाळ्यापर्यंत मामाच्या हे ध्यानात आलं असावं. मी नुकताच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो होतो, बावीस वर्षांचा. त्यानं कॅमेरा माझ्या हातात ठेवला. “पाच तू काढ. पर आधीचे सात मुंबईचे हायेत, जपून.”

त्या कॅमेऱ्यात बिघडण्यासारखं फार काही नव्हतं. एक खटका, एक फिरवायचं बटण, आणि भिंगापाशी एक छोटी दांडी: तिच्या एका अंगाला सूर्याचं चित्र, दुसऱ्या अंगाला ढगाचं. ऊन असेल तर दांडी सूर्याकडे, आभाळ असेल तर ढगाकडे. आता शिरूर तालुका पडला पर्जन्यछायेत. पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावरच रिकामा होतो आणि पुढे आमच्याकडे येतो तो वारा. त्यामुळे आमच्या कॅमेऱ्याची दांडी कायम सूर्यावर. ढगाच्या बाजूला तिनं बारा महिन्यांत तोंड केलं नसेल.

दुसरं एक कलम असं की, माणूस दहा फुटांच्या आत आला की फोटोत धुरकट व्हायचा. हे आमच्या लोकांना पटवणं कठीण. फोटोत आपण मोठं दिसावं म्हणून लोक पुढे पुढे सरकत, अंतर राखायचं म्हणून मी मागे मागे. अशानं मी एका बारशाला गुरांच्या हौदात बसलो. कॅमेरा मात्र हात उंच करून कोरडा ठेवला होता. त्या बारशातलं बाळ आता कंपनीत सुपरवायझर आहे आणि मला भेटलं की हौदाचीच आठवण काढतं. हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे, त्याचं वय तेव्हा बारा दिवस होतं.

त्या पाचांतला पहिला फोटो १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाचा. दुसरा भाद्रपदातल्या महागणपतीच्या यात्रेत, पालखीचा. तिसरा बैलपोळ्याचा. आमच्याकडे पोळा भादव्यात, अमावास्येला, आणि आमच्या तालुक्यात पाऊस पडलाच तर तोही त्याच सुमाराला. त्या संध्याकाळी शेजारच्या मळ्यातला बैल बेगड लावलेली शिंगं घेऊन बांधावर उभा होता आणि मागे चक्क काळंभोर आभाळ. दांडी ढगाकडे करायची संधी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. मी ती इतक्या भक्तिभावानं फिरवली, फोटो काढल्यावर इतक्या काळजीनं परत सूर्यावर आणली, की रीळ पुढे सरकवायचं राहूनच गेलं. आणि त्या कॅमेऱ्याला त्याची काही पर्वा नव्हती. रीळ फिरवा न फिरवा, खटका दाबला की तो निमूट फोटो काढी.

मग मार्गशीर्षात ताईचा साखरपुडा. त्याच मळ्यात, त्याच बाभळीखाली, त्याच बांधावर नवरदेव उभा राहिला. पांढरी टोपी, अंगात दुसऱ्याचा कोट, घड्याळ दिसावं म्हणून डावी बाही कोपरापर्यंत वर. मी खटका दाबला.

रीळ धुवायला घोडनदीला जावं लागे. शिरूरला आमच्याकडची जुनी माणसं अजूनही घोडनदीच म्हणतात. निघताना आजीनं विचारलं, “फोटू धुत्यात कशानं? सोड्यानं?” मी म्हटलं औषध असतं. “मग बेतानं धुवा म्हणावं. रंग गेला तर?” फोटो काळे-पांढरेच आहेत म्हटल्यावर ती म्हणाली, “आधीच कुणीतरी धुतलेला दिसतोय.”

आठवड्यानं पाकीट मिळालं. स्टुडिओतल्या माणसानं ते देताना माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. नवरदेवाच्या पांढऱ्या टोपीतून दोन भक्कम शिंगं वर निघाली होती, त्यांना बेगड, टोकाला गोंडे. छातीवर झूल. चार पाय खाली जाऊन नवरदेवाच्या दोन पायांत मिसळलेले. मधे बाभळीचं एकच झाड दोनदा उगवलेलं. ताईच्या सासरच्यांकडून फोटोची मागणी सुरू झाली होती. महिनाभर मी ‘अजून धुऊन आले नाहीत’ असं सांगून काढला. शेवटी व्याही स्वतः आले, फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “असू द्या. कष्टाळू दिसतोय.” लग्न झालं, उत्तम झालं. जावईबापूंना मेव्हण्या अजूनही पोळ्याला फोन करून शुभेच्छा देतात.

मामाचे सात फोटोही त्याच पाकिटात होते. खोलीतले सोबती, एक चौपाटीवरचा, बाकीचे गिरणीच्या फाटकापाशी ओळीनं उभे राहून काढलेले. मामानं त्यातला एक उचलून खिडकीपाशी नेला. त्यात तो होता, त्याचे मित्र होते, आणि वरच्या कोपऱ्यात अर्धी कापली गेलेली चिमणी. “धूर बघ,” एवढंच तो म्हणाला. मी पाहिला. आधी मला तो रिळावरचा डाग वाटला होता.

फोटो काढणाऱ्याचा सगळा जन्म नको ते चौकटीबाहेर ठेवण्यात जातो. वाळत घातलेलं धोतर काढा, कोंबडी हाका, ती बादली उचला, विजेचा खांब येतोय जरा डावीकडे सरका. एवढं करूनही कोपऱ्यात काहीतरी राहतंच. आणि वीस-तीस वर्षांनी लोक फोटो मागायला येतात ते त्या राहिलेल्यासाठी. मधे उभ्या केलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही. “हा आपला आड ना?” “ही एसटी बघ, लाल-पिवळी.” “अरे, हा रेडिओ अजून माळ्यावर असेल.” आमच्या आत्याचा मी पदर सारखा करायला लावून, तीनदा बसवून काढलेला फोटो आहे. तो पाहून तिची सून म्हणाली, “अगंबाई, तांब्याचा हंडा! कुठं गेला हो हा?” त्यावरून तीन नणंदांत दोन महिने बोलणं बंद होतं. म्हणजे दादा-अण्णांचा दगड ही काही पहिली केस नव्हे.

बाकी तेव्हाची माणसं फोटोला बसत, ते बसणं आता बघायला मिळत नाही. आजोबा फेटा बांधून, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून, श्वास कोंडून बसत. ‘हसा’ म्हटलं तर रागावत: “हसायला काय तमाशा हाय?” मला ते मागासलेपण वाटे. पुढे वाचनात आलं की १८३९ च्या सुमाराला फोटोला काही मिनिटं निश्चल बसावं लागायचं, आणि मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. आजोबा त्याच परंपरेतले, फक्त चिमटा स्वतःच. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्याला एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद लागत. आजोबांनी त्याला दोन मिनिटं दिली असती.

आजी मात्र कॅमेऱ्यासमोर येईना. खूप मागे लागल्यावर एक दिवस स्वतःच लुगडं बदलून ओट्यावर येऊन बसली. “काढ एक चांगलासा. दहाव्याला लागंल.” काढला. त्यानंतर ती एकवीस वर्षं जगली, आणि दरवर्षी एकदा तो फोटो मागवून घेऊन बघायची, उंदरानं खाल्ला नाही ना म्हणून.

आता रांजणगावचं गाऱ्हाणं सांगतो. हे गाव पुण्याहून नगरला जाणाऱ्या हमरस्त्यावर, पुण्यापासून पन्नास किलोमीटरवर. इथला महागणपती अष्टविनायकांतला. पण शास्त्रात सांगितलेल्या क्रमानं निघालं तर मोरगाव पहिलं आणि आमचं आठवं, शेवटचं. भक्तीच्या दृष्टीनं त्यात काही उणं नाही. फोटोच्या दृष्टीनं मात्र फार मोठं उणं आहे. यात्राकंपनीच्या बसमधून माणसं उतरत ती सात गणपती करून, लेण्याद्रीच्या सगळ्या पायऱ्या चढून-उतरून, अंगावर दोन दिवसांची झोप घेऊन. आणि छत्तीस फोटोंचं रीळ ओझरलाच संपत आलेलं. मराठी घरांतले अष्टविनायकाचे जुने अल्बम काढून बघा. मोरगावचे नऊ फोटो, थेऊरचे सहा, लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर धापा टाकतानाचे सात, आणि रांजणगावचा एक. त्यातही निम्मं माणूस, कारण रीळ तिथे संपलं. पेढे-नारळाच्या दुकानांत तेव्हा रीळ मिळेल का म्हणून विचारणा होई, आणि एकदोन हुशार दुकानदार हारांच्या शेजारी रिळंही लटकवत. आता रिळाची भानगड नाही, पण आठव्या गणपतीपर्यंत मोबाईलला तीन टक्के चार्जिंग असतं. क्रम तोच, फळ तेच.

१९९७ साली तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या हस्ते नगारखान्याचं उद्घाटन झालं आणि फोटोला एक भव्य जागा मिळाली. दारापाशी मी सहज उभा असलो तरी कोणी ना कोणी फोन हातात देतो: “काका, आमचा एक काढा ना, सगळं दार आलं पाहिजे.” सगळं दार आणायचं म्हणजे मागे जायला हवं. मागे गेलं की माणसं साबुदाण्याएवढी होतात. मग फोटो बघून म्हणतात, “यात आम्ही कुठं आहोत?” मी सांगतो, दारात.

गाभाऱ्याशी मात्र कॅमेरा पिशवीत. मंदिर पूर्वाभिमुख आहे आणि सूर्य दक्षिणायनात असताना किरण थेट मूर्तीवर यावेत अशी त्याची बांधणी आहे. गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळातला. तेव्हा फोटो ही वस्तू जगात जन्मायची होती, तरी प्रकाश कुठून, किती आणि कधी घ्यायचा हे त्या गवंड्यांनी दगडात बसवून ठेवलं. आमच्या दांडीला सूर्य नि ढग एवढेच दोन शब्द येत होते. शिवाय आख्यायिका अशी की खरी मूर्ती खाली तळघरात आहे, तिला दहा सोंडा आणि वीस हात, तिचं नाव महोत्कट. पाहिलेली कोणी नाही. मला हे फार बरं वाटतं. ज्या गावात दिवसाला हजारो फोटो निघतात, तिथे मुख्य गोष्टीचा एकही नाही.

पाचव्या वेतन आयोगाचा फरक मिळाला तेव्हा मी छत्तीस फोटोंचा कॅमेरा घेतला. पत्रिकेत गुण छत्तीस आणि रिळात फोटो छत्तीस. दोन्हीकडे अठरा जमले तरी निभावून नेता येतं, हे मी अनुभवानं सांगतो. पहिली मोठी मोहीम शाळेच्या सहलीची, निघोजला. शिरूरहून जवळच, पण तालुका पारनेर. तिथे कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्याबरोबर आलेले दगडगोटे खाचेत अडकून भोवऱ्यात गरगरत राहतात आणि हजारो वर्षांत काळ्या बसाल्टात रांजण कोरून काढतात. मुलांना मी हे तळमळीनं समजावून सांगत होतो आणि फोटो काढत होतो. खळगे, झुलता पूल, मळगंगेचं देऊळ, डबे खाणारी मुलं. एकोणतिसाव्या फोटोला सातवीतली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, “गुरुजी, त्याचं टोपण काढायचं नसतं का?”

भिंगावर झाकण तसंच होतं. या जातीच्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी, भिंग वेगळं. झाकण लावलेलं असलं तरी तुम्हाला जग स्वच्छ दिसत राहतं. मी झटक्यात झाकण ओढलं, ते हातातून निसटलं आणि टणटण करत एका रांजणखळग्यात गेलं. आता ते तिथे गरगर फिरून माझ्या नावाचा एक लहानसा रांजण कोरत असणार. दहा-वीस हजार वर्षं लागतील.

त्यानंतर मोरांच्या नादी लागलो. मोराची चिंचोली आमच्याच तालुक्यात, चिंचांची झाडं आणि अंगणात येणारे मोर. मोराचा फोटो घेण्यात एक नैसर्गिक अडचण आहे जी कोणी आधी सांगत नाही. पिसारा फुलतो पावसाळ्यात, तेव्हा उजेड नसतो. पावसाळा सरता सरता मोर पिसं गाळतो, आणि मग आमच्याकडे झकास, लख्ख ऊन पडतं. म्हणजे पिसारा आहे तर उजेड नाही, उजेड आहे तर पिसारा नाही. माझ्याकडे मोराचे एकवीस फोटो आहेत. बायको त्यांना कोंबड्या समजते. एक वर्ष दौंडहून रेल्वेनं भिगवणला रोहित पक्षी टिपायला गेलो. उजनीच्या फुगवट्यात होडीत बसलो तर शेजाऱ्यांच्या मांडीवर तोफेएवढी भिंगं. माझा कॅमेरा बघून नावाडी हळूच म्हणाला, “काका, तुम्ही डोळ्यांनीच बघा.” इतका प्रामाणिक सल्ला मला आजवर कोणी दिलेला नाही. मी ऐकला, आणि त्या दिवशी पक्षी खरोखरच दिसले.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून नकळत नेमानं झाली. शाळेच्या ओट्यावर उभं राहून दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला झेंड्याचा एक फोटो. पुढे मुलं, मधे झेंडा, मागे जे असेल ते. ऑगस्टात मागे बाजरी, जानेवारीत ज्वारी. दुष्काळी सालात नुसतंच माळरान. हे मी कधी मुद्दाम पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर फोटो तारखेवार लावताना दिसलं. नव्वदच्या दशकातल्या एका जानेवारीत ज्वारीत चुन्याची एक रेघ. पुढच्या ऑगस्टात खांब. मग कुंपण. मग निळ्या पत्र्याची शेड, मग आणखी शेडी, मग कंपन्यांच्या बस, मग भाड्याच्या खोल्यांच्या तीन मजली रांगा आणि त्यांच्या गच्चीवर वाळणारे नाना राज्यांतले कपडे. आता तिथे फ्रिज होतात, टीव्ही होतात, मोटारी होतात. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळले तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावून त्याच्या वाढीची चित्रं रोज थोडी थोडी घेतली होती आणि ती ‘अंकुराची वाढ’ म्हणून भांडवलदारांना दाखवली होती. माझ्याकडे ती आख्ख्या एमआयडीसीची निघाली. मला भांडवलदार कोणी भेटला नाही, एवढाच फरक. मामाला मात्र भेटला. साचा खात्यातला माणूस पन्नाशीला एका कंपनीच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभा राहिला. मी त्याचा तिथे फोटो काढला. “ह्येला चिमणीच न्हाई,” तो म्हणाला, आणि मला फोटो परत घ्यायला लावला. टोपी सरळ करून.

हल्ली माझे फोटो सगळ्यात जास्त फ्लेक्सवर दिसतात. लग्नातल्या घोळक्यातून एक चेहरा कापून काढायचा, गळ्यात सोन्याची साखळी चिकटवायची, डोळ्यांवर काळा चष्मा, की झाला ‘दमदार व्यक्तिमत्त्व’. तोच चेहरा काही वर्षांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’साठी न्यायला येतात. चष्मा काढतात, साखळी ठेवतात. एका फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या ओळीत एका गृहस्थाच्या खांद्यावर कुणाचातरी हात राहून गेला होता, मनगटापर्यंतच. गाव चार दिवस तो हात कुणाचा यावर बोलत होतं. माझा होता. सहसा मी फोटोत नसतो.

मोबाईलमध्ये आज माझ्याकडे अकरा हजार फोटो आहेत, त्यातले नऊ हजार नातवाचे, त्यातले साडेआठ हजार एकसारखे. जागा शिल्लक नाही असा निरोप रोज येतो. रांजणगावात राहून मला याचं नवल वाटत नाही.

तर तो फोटो. डब्यात तळाशी सापडला. एव्हाना अण्णाही येऊन पोचले होते. दोघे ओट्याच्या दोन टोकांना बसले. मी मधे पाट ठेवला, पाटावर फोटो, फोटोवर माझं जुनं बहिर्गोल भिंग. नवरदेव, शिंगं, झूल, दोन बाभळी. आणि बाभळीच्या बुंध्याशी, बांधावर, जिथे हद्दीचा दगड असायला हवा बरोबर तिथे, बैलाचा पुढचा पाय.

दादांनी भिंग घेतलं. “ह्यो काय दगड.”

“गुरुजी, दादाला सांगा, त्यो खूर हाय,” अण्णा म्हणाले.

“गुरुजी, अण्णाला सांगा, खुराला शेंदूर लावत न्हाईत.”

काळ्या-पांढऱ्या फोटोत शेंदूर कुठून आला हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण दुभाष्यानं मधे बोलू नये. अर्धा तास मी डावीकडचं उजवीकडे नि उजवीकडचं डावीकडे पोचवत होतो, खरं तर दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं. मग दादा भिंग वर वर नेत शिंगांपाशी थांबले. बराच वेळ थांबले.

“ह्यो सर्जा का रं?”

हे माझ्यामार्फत आलं नव्हतं. अण्णा पाटाजवळ सरकले. “सर्जा कुठला? सर्जाचं डावं शिंग मोडल्यालं. राजा हाय ह्यो.”

“शिंग मोडलं ते फुडल्या साली. नांगरटीला.”

“नांगरटीला न्हाई. तुझ्या बापानं घाटात पळवला तवा.”

“माझ्या बापानं? घाटात नेला कुणी? तुझा बाप व्हता म्होरं, कासरा धरून!”

सर्जा थोरल्या पातीचा, राजा धाकट्या पातीचा. एकेका घरी एकेकच बैल, म्हणून दोघांचा वारंगुळा होता, दोन घरांची मिळून एक जोडी. मी चहा सांगितला. राजाला पाण्याची भीती कशी होती, सर्जा भाकरीशिवाय मान कशी देत नसे, पेंडीचं पोतं कुणी चोरलं आणि मार कुणी खाल्ला, असं करत दुसरा चहा झाला. फोटो पाटावर तसाच. नवरदेव शिंगं घेऊन उभा.

दहाच्या सुमाराला दादा उठले, चपला घातल्या, आणि घालता घालता थांबले.

“थांब. राजा आसंल, तर त्यो बांधाच्या ह्या अंगाला काय करत व्हता? आमच्यात?”

“तुमच्यात कसला? बांधच तिकडं व्हता तुझ्या बाभळीच्या पल्याड!”

पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आवाज ऐकू येत होता. मी फोटो डब्यात ठेवायला घेतला, तेवढ्यात अण्णा परत फिरून आले.

“मंगळवारी मोजणी हाय. कॅमेरा घिऊन या. दगड बशिवला का लगेच फोटू पायजे.” मी येतो म्हटलं. ते वळले, पुन्हा थांबले.

“आन् गुरुजी, रीळ तेवढं फिरवा.”